चौकटीवरची काळी पट्टी

अमरेशला खुर्चीचं वावडं होतं. वर्गात तर तो बसत नसेच, पण हॉटेलात चहा प्यायला गेला तरी दाराजवळचं बाकडं रिकामं होईपर्यंत उभा राही, आणि लग्नाच्या पंगतीत बसायचा तो अगदी टोकाला, जिथून चटकन उठून बाहेर पडता येईल अशा जागी. नांदेडच्या संस्थेतली पोरं त्याला मागून 'फिरते सर' म्हणत. पण तोंडावर थट्टा कुणी करत नसे, कारण तो किल्लारीच्या पट्ट्यातला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात तो सोळा वर्षांचा होता. आई मल्लम्मा आणि तो अंगणात झोपले होते म्हणून दोघं वाचले. वडील मडिवाळप्पा घरात होते.

मडिवाळप्पांचं गावात किराण्याचं दुकान. घराच्या मागच्या भिंतीला भूकंपाच्या आधीपासूनच पोट आलं होतं. त्या वर्षभरात अधूनमधून जमीन हलायची, फळीवरची भांडी वाजायची, लोक बाहेर पळायचे आणि मग एकमेकांना हसत आत यायचे. मडिवाळप्पांनी गवंड्याला बोलावून ती भिंत दाखवली. गवंड्यानं फुगवट्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, आज्यानं बांधलेली दगडी भिंत हाय मालक, तिला काय होतंय. मडिवाळप्पांना ते काही पटलं नव्हतं. पण गवंडी जाणकार, आपण पडलो दुकानदार, असं म्हणून ते गप्प बसले. भिंत बाहेरून दगडाची आणि आतून सगळी माती होती हे लोकांनी मागून पाहिलं. अमरेशला मात्र त्या फुगवट्यावरून फिरणारा हात आठ वर्षांनंतरही दिसायचा, आणि दिसला की तो उठून चालायला लागायचा.

तर हा अमरेश दोन हजार एक साली नांदेडला सर्वेशसरांच्या संगणक संस्थेत नेटवर्किंग शिकवत होता. म्हणजे चार संगणक तारेनं एकमेकांना जोडायचे, कुणाला कोणती फाइल उघडू द्यायची आणि कुणाला नाही ते ठरवायचं, असलं काम. त्याची परीक्षा एक अमेरिकन कंपनी घ्यायची. हैदराबादला जाऊन पडद्यासमोर बसायचं, साठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि शेवटचं बटण दाबलं की निकाल समोर. पास झालात की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र हातात आलं की पुण्यात नाहीतर हैदराबादला नोकरी, असा तेव्हा बोलबाला होता. काहींना खरंच लागत होत्या, म्हणून बाकीच्यांचा विश्वास बसायचा.

लातुरात भूकंपानंतर दोन गोष्टी भराभर वर आल्या, पुनर्वसनाची घरं आणि शिकवणी वर्गांच्या पाट्या. बारावीला चमकलेल्या पोरांचे फोटो चौकाचौकांत उमेदवारांसारखे टांगलेले असायचे. ज्याला घरी कुणी विचारत नव्हतं तोही खोली भाड्यानं घेऊन सर झाला. त्या लाटेत संगणकाचे वर्गही निघाले. सर्वेशसरांनी औसा रोडवर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर शाखा काढली आणि शनिवार-रविवार तिथं शिकवायला अमरेशला पाठवायला सुरुवात केली. तिथली पहिली तुकडी बारा जणांची होती, सगळी पुनर्वसित गावांतली मुलं. एका सेवाभावी संस्थेनं त्यांचा खर्च उचलला होता, परीक्षेच्या फीसकट. फी मात्र एकदाच मिळणार होती. नापास झालं तर त्या संस्थेनं हात झटकले, असं कागदावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

आता शिकवायचं कशातून? कंपनी शिक्षकांसाठी वेगळा संच काढायची. त्यात जाड पुस्तक, सीडी, आणि पानापानावर सूचना असायच्या, की इथं काय विचारा, इथं किती वेळ द्या, इथं पोरं कुठं अडतात. पण त्याची किंमत डॉलरमध्ये, आणि रुपयांत केली की अमरेशचा आठ महिन्यांचा पगार. शिवाय एक संच एकाच शिक्षकाच्या नावावर. दुसऱ्या शिक्षकाला दुसरा घ्या. सर्वेशसर काही चिक्कू माणूस नव्हते, पण एवढ्या पैशांत आपण दोन नवे संगणक घेऊ, असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यांनी हैदराबादला अमीरपेठेच्या गल्लीतून त्या पुस्तकाची झेरॉक्स आणली. ती झेरॉक्सही झेरॉक्सवरून काढलेली होती, आणि ती पहिली कशावरून काढली होती ते देवाला ठाऊक. सर्वेशसरांचे वडील दत्तोपंत गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी ते सहाशे सुटे कागद दाभणानं शिवले, खाकी कागदाचं वेष्टन घातलं आणि वर बोरूनं लिहावं तशा अक्षरात पुस्तकाचं नाव काढलं. त्या अक्षरामुळे त्या बाडाला उगीचच मोठी प्रतिष्ठा आली.

आत सगळा अंधार होता. चित्रं काळी पडली होती, बारीक अक्षरं मुंग्यांसारखी झाली होती. एकच गोष्ट ठसठशीत उरली होती. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात कडेला एक चौकट होती, चौकटीवर एक काळी पट्टी आणि आत तीन-चार छोटी, सुटसुटीत इंग्रजी वाक्यं. पट्टी म्हणजे नक्षी असेल, असं सगळ्यांनी धरलं. आणि लातुरात शिकलेल्या माणसाला चौकट म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिथल्या नोट्समध्ये जे परीक्षेला येणार तेच चौकटीत असतं. सर फळ्यावर चौकट आखतात, पोरं वहीत आखतात, आणि मग ते पाठ होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. अमरेशनं स्वतः बारावी अशीच काढली होती. त्यामुळे पुस्तक हातात आल्यावर त्यानं प्रकरण बाजूला ठेवलं आणि आधी चौकटी काढल्या. सेहेचाळीस निघाल्या. दर शनिवारी तो माडीवर चढला की म्हणायचा, "चौकट घ्या," आणि बारा माना वहीत जायच्या.

त्याला शंका आलीच नाही असं नव्हतं. एक चौकट परवानग्यांची होती. एक माणूस दोन गटांत असेल तर त्याला दोन्हींपैकी कमी असलेली परवानगी लागू होते, असं त्यात लिहिलेलं. अमरेश शिकला तेव्हा उलट होतं, दोन्ही गटांच्या परवानग्या एकत्र होऊन मिळायच्या. पण तो शिकला जुन्या आवृत्तीवर, ही होती नवी. त्यानं नांदेडला मशीनवर करून पाहिलं. मशीननं जुनंच उत्तर दिलं. अमरेश त्या पडद्यासमोर बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला आणि शेवटी त्याच्या लक्षात आलं की मशीनवरचं सॉफ्टवेअरही कॉपी मारलेलं आहे, कुणी काय भरलंय त्याचा भरवसा नाही. तेव्हा मशीन चुकत असेल, पुस्तक कसं चुकेल, असं म्हणून त्यानं ते मिटवून टाकलं. कंपनीनं छापलेलं पुस्तक आणि आपण पडलो बारा हजार वस्तीच्या गावातले, हेही मनात आलंच असणार.

दुसऱ्यांदा शंका आली ती मंजुश्रीमुळे. तुकडीत ती सगळ्यात हुशार. निलंग्याकडची, बोलताना मधूनच कानडी शब्द टाकायची, आणि पाठ करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं एका शनिवारी हात वर केला आणि विचारलं की सर, चौकटीत एक हाय आन् आतल्या पानावर त्याच्या उलटं कामून हाय. आतली पानं तीन मुलांत एक अशी वाटलेली होती आणि वाचवत तर कुणालाच नव्हती. ही पोरगी ती उन्हात धरून वाचायची. अमरेशला मशीननं दिलेलं उत्तर आठवलं. पण अकरा जणं बघत होती, आणि लातुरातले सर अशा वेळी जे म्हणतात तेच त्याच्या तोंडून निघालं. चौकटीतलं विचारायचं नसतं, लिहायचं असतं. मंजुश्री खाली बसली. त्यानंतर तिनं पुन्हा हात वर केला नाही, आणि अमरेशला त्याचं बरंच वाटलं.

परीक्षा मंगळवारी होती. आधीच्या शनिवारी अमरेश नांदेडलाच थांबला होता, कारण मुलांची उजळणी चालू होती आणि रविवारी दुपारी तो लातूरला जाऊन त्यांना सोमवारच्या हैदराबादच्या गाडीसाठी सूचना देणार होता. त्या सकाळी संस्थेतली दुसरी शिक्षिका मुग्धा पुण्याहून आली. तिचा मामेभाऊ अनय तिकडे अशाच एका मोठ्या संस्थेत शिकवत होता. त्याच्याकडून तिनं त्याचा खरा संच दोन दिवसांसाठी मागून आणला होता. टेबलावर ठेवून ती म्हणाली, रंगीत आहे सर, बघा तरी, डोळे निवतील.

अमरेशनं उभ्याउभ्याच मधलं एक पान उघडलं. चित्रं निळी-हिरवी होती, पडदे खरोखरच पडद्यासारखे दिसत होते. चौकट फिकट तांबड्या रंगाची होती. तिच्यावरची पट्टी गडद तांबडी, आणि पट्टीत पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत छापलं होतं, 'विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकीच्या समजुती'. खाली बारीक अक्षरात शिक्षकाला सूचना होती की ही वाक्यं वर्गात विचारा आणि ती का चूक आहेत ते मुलांकडूनच काढून घ्या.

त्यानं पान उलटलं. दुसरी चौकट, तीच पट्टी. तिसरी, चौथी. सेहेचाळीसही चौकटी त्याला पाठ होत्या, म्हणून वाचायला वेळ लागला नाही. मुग्धा काहीतरी विचारत होती. त्यानं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, आणि मग तो खाली बसला. मुग्धानं त्याला बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे ती घाबरली.

"चार महिने मी त्यांना चुकाच पाठ करायला लावल्या," तो म्हणाला.

सर्वेशसरांनी ऐकून घेतलं. पुस्तक स्वतः चाळलं आणि काळ्या बाडाशी ताडून पाहिलं. मग ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. आज शनिवार, मंगळवारी पेपर. साठांत बेचाळीस लागतात. चौकटीतले असे आठ-दहा येतील, तेवढे गेले तरी मुलं निघतील. पण आता जाऊन सगळंच चुकलंय म्हणून सांगितलं तर जे येतंय तेही विसरतील. पोरांच्या पायाखालची जमीन ऐनवेळी काढू नका, असं ते म्हणाले, आणि मग कुणापुढे काय बोलून गेलो ते लक्षात येऊन गप्प झाले. संस्थेच्या नावाचं काय, हे त्यांनी विचारलं नाही, पण ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. माणूस वाईट नव्हता. सांगितलं नाही तर काही बिघडणार नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

अमरेश बाहेर पडला आणि चालायला लागला. वजिराबादेतून गुरुद्वाऱ्यापर्यंत, तिथून नदीपर्यंत आणि परत. सर्वेशसरांचं म्हणणं हिशेबानं बरोबर होतं, हीच तर अडचण होती. आठ-दहाच येतील. निघतीलही. कुणाला कळणार नाही. आणि 'सर' म्हणून लातुरात जो मान होता तो जसाच्या तसा राहील. तो मान त्याला फार प्रिय होता, हे त्यानं स्वतःशी कबूल केलं. गावातला एकही माणूस त्याला आता मडिवाळप्पाचा वाचलेला पोरगा म्हणत नसे, सगळे सर म्हणत. घाटावर उभं राहून त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि त्याला पुन्हा तो गवंड्याचा हात दिसला. फक्त या वेळी तो हात त्याचा स्वतःचा होता. त्याला लाज वाटली, इतकी की तिथं उभं राहवेना.

रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं तो निघाला. लोहा, अहमदपूर करत एसटी लातूरला पोचली तोवर निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या होत्या आणि हा दाराशी दांडा धरून उभा. कंडक्टरनं दोनदा बसायला सांगितलं आणि मग नाद सोडला.

जिना चढतानाच आवाज कानावर आला. मुलं उजळणी करत होती. मंजुश्री चौकटीचा आकडा सांगायची आणि सगळी एका सुरात वाक्यं म्हणायची, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. एरवी हा आवाज ऐकून अमरेशची छाती फुगली असती. तो मधल्या पायरीवर थांबला. परत जावं, नांदेडची गाडी लागलेली असेल, असंही त्याला एकदा वाटलं. मग तो वर गेला.

त्यानं आडपडदा ठेवला नाही. खरं पुस्तक काढून मुलांपुढे धरलं, पट्टी दाखवली, वाचून दाखवली. काळ्या झेरॉक्सशेजारी ठेवली. म्हणाला की सेहेचाळीसही चौकटी चूक आहेत आणि चूक माझी आहे. मुलं आधी पुस्तकाकडे पाहत राहिली, मग एकमेकांकडे. एकानं विचारलं की सर, आमची परीक्षा घेऊन राहिले का तुम्ही. नाही, अमरेश म्हणाला. मागच्या बाकावरच्या धोंडप्पानं आपली वही छातीशी धरली. धोंडप्पा तुकडीत सगळ्यात गरीब स्वभावाचा, कधी एक शब्द विचारला नाही, कधी एक शब्द चुकला नाही. चार महिने तो गावाहून सायकलनं येत होता.

मग मंजुश्री उठली. तिनं वही उलटी केली आणि शेवटची पानं उघडून टेबलावर ठेवली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ होती. डावीकडे एकेका चौकटीतली वाक्यं, उजवीकडे आतल्या पानांवरची. एकोणतीस जोड्या होत्या. ज्या त्या जोडीला पान क्रमांक, आणि जिथं अक्षर लागलं नव्हतं तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

अमरेशनं पहिल्या जोड्या वाचल्या. उजवीकडची सगळी बरोबर होती. त्यानं विचारलं की हे तुला माहीत होतं तर मंगळवारी तू कोणतं उत्तर देणार होतीस.

"तुम्ही सांगितलेलं," मंजुश्री म्हणाली. "तुम्ही आमच्यातलेच सर. बाहेरचा कुणी असता तर शक धरला असता. तुम्ही आम्हाला कशाला खोटं सांगताव?"

 ती रागावली असती तर अमरेशला सोपं गेलं असतं. तो खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं, एकामागून एक कागद पडत होते. शेवटी त्यानं खडू घेतला आणि मंजुश्रीच्या हातात दिला. ती फळ्याशी गेली आणि तो तिच्या रिकाम्या जागेवर, दुसऱ्या बाकावर, भिंतीला लागून बसला. दोन पोरांनी कोपरानं एकमेकांना खुणावलं.

संध्याकाळपर्यंत ते सेहेचाळीस चौकटी उलट्या करत बसले. एकोणतीस मंजुश्रीच्या वहीतून, उरलेल्या खऱ्या पुस्तकातून. पाठ केलेलं एका दिवसात विसरणं शक्य नव्हतं; लातूरचं पाठांतर साबणानं धुऊन निघत नाही. त्यावर अमरेशनंच तोड काढली. विसरू नका, म्हणाला. परीक्षा घेणारे हीच वाक्यं चुकीचा पर्याय म्हणून टाकतात. चौकटीतलं वाक्य दिसलं की ते खोडा, मग उरलेल्या तिनांत शोधा. हे पोरांच्या ध्यानात आलं तशी त्यांच्या तोंडावर जरा तरतरी आली. पाठ केलेलं वाया जाणार नाही एवढं कळल्यावर ती कामाला लागली. अमरेशनं प्रत्येकाला समजलं का विचारलं. धोंडप्पाही व्हय सर म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीला व्हय सर म्हणायचा.

मंगळवारी दुपारी संस्थेत फोन वाजला तेव्हा अमरेश टेबलाभोवती फिरून फिरून फरशी झिजवत होता. सर्वेशसरांनी फोन उचलला आणि त्याच्याकडे दिला. हैदराबादहून मंजुश्री बोलत होती. ती पास झाली होती, चोपन्न आले होते. तिनं एकेक नाव घेतलं. दहा पास. एक मुलगा दोन मार्कांनी गेला, पण तो तारांच्या प्रकरणात गेला, तिथं चौकट नव्हतीच. सर्वेशसरांना मोठ्यानं हसू आलं, त्यांनी अमरेशच्या पाठीवर थाप मारली आणि मुग्धानं चहा सांगितला. अमरेश अजून फोन कानाला धरून होता. त्यानं विचारलं की धोंडप्पाचं काय.

 मग मंजुश्रीनं सांगितलं की धोंडप्पाला पस्तीस पडले. तो बाहेर आला तवापासून बोलून न्हाई राहिला.

गुरुवारी अमरेश धोंडप्पाच्या गावी गेला. पुनर्वसनातली सरळ गल्ली, सगळी घरं एका मापाची. दारात त्याची आई नागुबाई उभी होती. सर घरी आले म्हणून तिची धांदल उडाली, सतरंजी झटकली, चहा टाकला, आणि चहाची कपबशी पुढं करताना ती खाली बघून म्हणाली, "पोरगंच कमी पडलं सर. तुमच्या शिकवण्यात काय बी खोट न्हाई. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

अमरेशनं चहा खाली ठेवला. खोट माझ्याच शिकवण्यात होती, हे त्यानं तिला सांगितलं, पट्टीपासून सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण सर लोक असं मोठ्या मनानं बोलतातच, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. दुसऱ्या परीक्षेची फी मी भरतो, असं त्यानं म्हटलं. स्वतःच्या नावावर संच घ्यायला म्हणून त्यानं थोडे थोडे पैसे बाजूला टाकले होते, त्यातून ती भागणार होती. तरी तिनं नको नको केलं आणि शेवटी देवळीपुढं हात जोडून आत गेली.

धोंडप्पा तिथंच पलीकडच्या भिंतीला टेकून बसला होता. वही समोर होती. अमरेश त्याच्यासमोर बसला, दाराकडे पाठ करून, आणि काय झालं ते विचारलं. पोरानं बराच वेळ बोटानं सतरंजीची वीण उसवली.

"खोडायचं ध्यानात होतं सर," तो म्हणाला. "पर चौकटीतलं वाक्य दिसलं की तुमचाच आवाज यायचा. चौकट घ्या, म्हणून. मंग ते खोडायला हातच वळंना."

अमरेशला उठून बाहेर जावंसं वाटलं. पाय तसे हललेही. पण तो उठला नाही. त्यानं पिशवीतून बाड काढलं, ते दत्तोपंतांनी शिवलेलं, आणि दोघांच्या मध्ये ठेवलं. आज मी काही सांगणार नाही, म्हणाला. लिहूनही देणार नाही. आज तू विचारायचं, काय वाटेल ते, आणि मी बरोबर उत्तर देतो का चुकतो ते तू बघायचं.

धोंडप्पा गोंधळला. चार महिन्यांत त्याला कुणी असलं काही करायला सांगितलं नव्हतं, आणि त्याआधीच्या शाळेतही नाही. त्यानं बाड उघडलं, मिटलं. आतून नागुबाईचा भांड्यांचा आवाज येत होता. काय विचारायचं ते त्याला सुचत नव्हतं आणि अमरेश त्याला सुचवत नव्हता. शेवटी धोंडप्पानं परवानग्यांचं पान काढलं, त्या चौकटीवरच्या काळ्या पट्टीवर अंगठा ठेवला आणि मान खाली घालूनच विचारलं.

"सर, सांगताना तुमाला शंका आली न्हवती का?"

"आली होती," अमरेश म्हणाला. "दोनदा."